खाज सुटली कुठून?

दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. 2016 साली 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान' सुरू झालं, तेव्हापासून हा दिवस गरोदर बायकांच्या तपासणीसाठी ठरलेला आहे. परभणीचं स्त्री रुग्णालय असो, नाहीतर जिंतूर, गंगाखेड, पालमकडचं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र, क्रम तोच. आधी वजनकाटा, मग दंडाला बीपीचा पट्टा, हिमोग्लोबिनसाठी सुई, लघवीची बाटली, आणि शेवटी टेबलावर आडवं होऊन पोटाची तपासणी. यातल्या प्रत्येक गोष्टीला माता व बाल संरक्षण कार्डावर रकाना आहे. सिस्टर तो भरते आणि पुढचं नाव पुकारते.

पदर बाजूला झाला की काहींच्या पोटावर नखांचे लांब ओरखडे दिसतात. काही ताजे, काहींवर रक्ताची बारीक खपली. त्यांना मात्र रकाना नाही. बाई आपणहून बोलत नाही. खाज म्हणजे अस्वच्छता, ती चारचौघांत सांगायची नाही, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. कुणी विचारलंच तर "उष्णता झाली असंल" हे उत्तर तयार असतं, आणि रांग संपवायच्या घाईत असलेल्या माणसाला ते पुरतं.

बहुतेक वेळा यानं काही बिघडतही नाही. दर चार-पाच गरोदर बायकांपैकी एकीला तरी या काळात खाजेचा त्रास होतो. कातडी ताणते, कोरडी पडते, घड्यांत घाम साचतो. बाळंतपण झालं की सारं निवतं. पण या गर्दीत एक खाज अशी आहे, जी मुळात कातडीची नसतेच. ती यकृताची असते, आणि तिच्याकडे काणाडोळा केला तर क्वचित बाळ पोटातच दगावतं. ही खाज इतरांपासून वेगळी काढायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. कुठून सुरू झाली, रात्री वाढते का, अंगावर काही उठलंय का, हे तीन प्रश्न पुरतात. अडचण एवढीच, की ते कुणी विचारत नाही.

जावळाची समजूत

सातवा-आठवा लागला आणि पोट खाजायला लागलं की घरातली म्हातारी सांगते, "लेकराला जावळ आलंय माय, ते टोचतंय." ही समजूत आजची नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीची महिनेवार काळजी सांगितली आहे. सातव्या महिन्यापाशी आल्यावर ग्रंथ नोंदवतो की गर्भाला केस फुटू लागतात म्हणून आईला जळजळ होते, असं बायका म्हणतात. लगेच पुढे ग्रंथातले गुरू आत्रेय यांचा नकार येतो. गर्भाच्या दाबानं दोष वर छातीकडे सरकतात, त्यातून दाह होतो, दाहातून कंडू, आणि कंडूतून 'किक्किस', म्हणजे कातडीवर पडणाऱ्या रेघा, अशी त्यांची उपपत्ती आहे. त्यावर बोराच्या काढ्याबरोबर औषधी लोणी, पोटाला चंदनासारखे थंड लेप, असे उपाय दिले आहेत. खाजवून कातडी फाडून घेऊ नये, अगदीच असह्य झालं तर चोळावं, असंही बजावलं आहे.

जावळापुरता आत्रेयांचा नकार आजही खरा आहे. बाळाचे केस आणि आईची कातडी यांच्यामध्ये पाण्याची पिशवी आहे, गर्भाशयाची जाड भिंत आहे, स्नायू आणि चरबीचे थर आहेत. टोचायला वाटच नाही. पण त्या जुन्या वैद्यानं एक गोष्ट केली, ती आपण सोडून दिली. बायका काय म्हणतात ते त्यानं ऐकलं, लिहून ठेवलं आणि मग खोडलं. आपल्याकडे म्हातारीचं बोलणं घरातच राहतं आणि डॉक्टरांचं केसपेपरवर. दोघांची गाठ पडत नाही.

रात्रीचे तळवे

यकृताच्या खाजेची सुरुवात बहुधा तळहात-तळपायांपासून होते. अठ्ठावीस आठवडे उलटले की केव्हाही. दिवसा कामात भान राहत नाही, पण रात्री पाठ टेकली की तळव्यांत आग उठते. बाई अंथरुणातून उठून शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहते, वजरीनं तळवे घासते, बादलीभर गार पाण्यात पाय सोडून बसते. सकाळी अंग पाहिलं तर पुरळ नाही, गांधी नाहीत, फोड नाही. आहेत त्या फक्त नखांच्या खुणा, दंडावर, नडग्यांवर, पोटावर. कुणाला काही दिसत नसल्यामुळे "काही नाही, वहम आहे" असं म्हणायला सगळे मोकळे.

वैद्यकात हिला 'इंट्राहेपॅटिक कोलेस्टॅसिस ऑफ प्रेग्नन्सी' म्हणतात. डॉक्टर मंडळी नुसतं 'आयसीपी' म्हणून मोकळी होतात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं आणि बारीक नलिकांतून आतड्याकडे सोडतं. गरोदरपणाच्या शेवटी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचं प्रमाण फार वाढलेलं असतं. काही बायकांच्या यकृतातली पित्त बाहेर टाकणारी प्रथिनं जन्मतःच थोडी दुबळी असतात, त्यांना हा भार झेपत नाही. जायकवाडीच्या चारीत गाळ साचला की पाणी शेवटच्या शेतापर्यंत न पोचता मागेच तुंबून बांधावरून फुटतं, तसं पित्त आतड्याकडे जायचं सोडून रक्तात उतरतं. खाज नेमकी कोणत्या द्रव्यानं सुटते यावर संशोधन चालू आहे, पण ती हिस्टामिनची नाही. म्हणून सेट्रिझिनसारख्या गोळीनं फार तर झोप लागते, खाज हटत नाही.

बाळाकडे धोका जातो तो याच पित्ताम्लांमुळे. ती वारेतून पलीकडे जातात. बाळ पोटातच शी करण्याचं आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचं प्रमाण वाढतं. पित्ताम्लं फार वाढली, तर बाळाच्या हृदयाचा ताल अचानक बिघडून ते दगावतं, असा आज तज्ज्ञांचा कयास आहे. आदल्या दिवशीची सोनोग्राफी उत्तम असली तरी हे घडू शकतं, आणि म्हणूनच डॉक्टर धास्तावतात.

धास्तावायचं किती, याचं बरंचसं उत्तर 2019 साली 'लॅन्सेट' नियतकालिकातल्या एका मोठ्या विश्लेषणानं दिलं. पित्ताम्लांची पातळी लिटरला 40 मायक्रोमोलच्या आत असेल तर बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण 0.13 टक्के, 40 ते 99 असेल तर 0.28 टक्के, म्हणजे एरवी कुठल्याही गरोदरपणात असतं त्याच्याच आसपास. 100 च्या वर गेलं की मात्र ते 3.44 टक्क्यांवर उडी घेतं. म्हणजे खाज आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण आकडा कळल्याशिवाय निर्धास्त राहायचंही कारण नाही.

हा आजार आपल्याला परका नाही. इंग्लंडमध्ये तो हजारात सुमारे 7 गरोदर बायकांना होतो, तर तिथल्याच भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत हजारात 12 ते 15 जणींना. म्हणजे आपल्या रक्तात तो दुपटीनं आहे. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी 15 च्या आसपास धरला तर वर्षाला 27 हजारांवर बाळंतपणं होतात. शेकडा एक हा दर धरून ढोबळ हिशेब केला तरी वर्षाला अडीचशेच्या वर बायका या एका जिल्ह्यात रात्री तळवे घाशीत बसत असतील.

नळीभर रक्त

निदान रक्तानं होतं. यकृताची नेहमीची तपासणी, लोकांच्या तोंडी असलेली 'एसजीपीटी', तालुक्याच्या लॅबमध्येही होते. पित्ताम्लांची तपासणी वेगळी, तिचा नमुना छोट्या गावांतून सहसा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालाला वेळ लागतो. त्यातही मेख अशी, की खाज आधी सुरू होते आणि रक्तातले आकडे कधीकधी आठवड्यांनी चढतात. एकदा अहवाल बरा आला आणि खाज तशीच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते. एकदा "नॉर्मल" ऐकलेली बाई दुसऱ्यांदा पैसे आणि दिवस मोडून येईल का, हा प्रश्न दवाखान्यात नाही, घरात सुटतो.

औषध म्हणून 'उर्सोडिऑक्सिकोलिक' आम्लाच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या जातात. 2019 सालीच ब्रिटनमध्ये सहाशेवर बायकांवर झालेल्या 'पिचेस' चाचणीत दिसलं की या गोळ्यांनी बाळाचे धोके एकंदरीत कमी झाले नाहीत, आणि खाजेतही फरक पडला तो जेमतेम. म्हणून आज खरा उपाय म्हणजे पाळत आणि बाळंतपणाची योग्य वेळ. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं 2022 साली सांगितलेला आडाखा असा: पित्ताम्लं 100 च्या वर असतील तर 35 ते 36 आठवड्यांत, 40 ते 99 असतील तर 38 ते 39 आठवड्यांत, त्याहून कमी असतील तर चाळीसाव्या आठवड्यापर्यंत बाळंतपण करावं. आपल्याकडचे डॉक्टर बाईची प्रकृती, बाळाचं वजन, नवजात बालकांच्या कक्षाची सोय हे पाहून ठरवतात. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत खाज ओसरते.

डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, तर प्रकरण पुढे गेलं आहे असं समजावं. इथे आपल्याकडे दुसरा घोळ होतो. पिवळे डोळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे गळ्यात माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन उतरवणं. गरोदर बाईच्या बाबतीत हा खेळ जीवघेणा आहे. दूषित पाण्यातून येणारा 'हेपटायटिस ई' शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जीवावर बेततो. उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोकेदुखी, वाढलेलं बीपी यांतलं काहीही सोबत असेल तर यकृताचे आणखी गंभीर आजार संभवतात. अशा वेळी माळ नव्हे, 108 ला फोन.

रेघांवरची आणि बेंबीवरची

दुसऱ्या टोकाला एक खाज अशी आहे, जी दिसायला भयंकर आणि परिणामांत निरुपद्रवी. पहिलटकरीण, त्यात जुळी असतील किंवा वजन भराभर वाढलं असेल, तर शेवटच्या काही आठवड्यांत पोटावरच्या रेघांमध्येच लाल, उंचावलेल्या पुळ्या उठतात. बघता बघता त्या एकमेकींत मिसळून चट्टे होतात आणि मांड्यांवर, कुल्ल्यांवर पसरतात. नीट पाहिलं तर एक खूण हमखास सापडते. सारं पोट लाल झालेलं असतं आणि बेंबीभोवतीचं वर्तुळ मात्र कोरं. साधारण 160 गरोदर बायकांत एकीला होणाऱ्या या पुरळाला 'पॉलिमॉर्फिक इरप्शन' म्हणतात. बाई रडकुंडीला येते, पण बाळाला काही होत नाही. कॅलामाइन, साधं मलम, डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड आणि चार-सहा आठवडे, एवढ्यात ते जातं. पुढच्या खेपेला सहसा परतही येत नाही.

याच्या बरोबर उलट आजार बेंबीपासून सुरू होतो. आधी खाजणारे चट्टे, मग ताणलेले, पाण्यानं भरलेले फोड. 'पेम्फिगॉइड जेस्टेशनिस' हा पन्नास हजारांत एखादीला होणारा आजार. वारेमुळे आईची प्रतिकारशक्ती तिच्याच कातडीवर उलटते. बाळ लहान राहणं, लवकर जन्मणं याचा धोका असतो. पोटात घ्यायची स्टिरॉइड लागतात, आणि पुढच्या खेपेला तो परत येण्याची शक्यता दांडगी. म्हणून बेंबीजवळ फोड दिसले की त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा, तालुक्यात नसेल तर जिल्ह्याला.

रानातली, घरातली आणि मेडिकलवरची

परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि थंडीत कधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. उन्हाळ्यात घामोळं, हिवाळ्यात फुटलेली कातडी. सोयाबीनच्या राशीचं भुसकट, कापूस वेचताना नख्यांनी ओरबाडलेले हात. शिवाय गाजरगवत, 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं आणि आता प्रत्येक बांधावर माजलेलं. खुरपणाऱ्या बाईच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या घडीत त्याची ॲलर्जी उठते. गरोदर बाईला आठव्या महिन्यापर्यंत रानातलं काम चुकत नाही, त्यामुळे तिला खाजेचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. कारणं आजूबाजूला इतकी आहेत, की खरं कारण त्यांत लपून जातं.

घरातलं कारण म्हणजे खरूज. तीही रात्रीच वाढते, म्हणून यकृताच्या खाजेशी गफलत होते. पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, कमरेवर टॉर्च धरून पाहिलं तर बारीक पुरळ सापडतं. आणि एकटी बाई खाजवत नसते, सारं घर खाजवत असतं. पर्मेथ्रिनचं मलम गरोदरपणात चालतं. मात्र ते सगळ्या घरानं एकाच रात्री लावावं लागतं आणि पांघरुणं उकळत्या पाण्यातून काढावी लागतात. सून लावते आणि दीर-नवरा हसतात, मग खरूज पुन्हा फिरून येते.

नायटा त्याहून चिवट, आणि तो चिवट व्हायला मेडिकलवरची ट्यूब जबाबदार आहे. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली मलमं चिठ्ठीशिवाय मिळतात. पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते, मग नायटा दुपटीनं पसरतो. अशा स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीचं बंधन घालणारी अधिसूचना केंद्र सरकारनं 2018 मध्ये काढली. पण दुकानातल्या सवयी अधिसूचनेनं मोडत नाहीत. गरोदर बाईनं तीव्र स्टिरॉइडच्या ट्यूबांमागून ट्यूबा महिनोन्‌महिने चोळल्या तर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी मोजून दिलेलं सौम्य मलम वेगळं आणि शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ट्यूब वेगळी.

कोपीवरची बाई

समजा, पालम-गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातली एक बाई आहे. दसरा झाला, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली आहे, टोळी निघाली. तिला सातवा लागलाय. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे ती मागे राहिली तर उचल फिटत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात ती पोचते. पहाटे तोड, मग मोळ्या बांधून गाडी भरणं. उसाच्या पाचटाची कुसं अंगात रुततात, फडातल्या सगळ्याच बाया खाजवतात. कोपीत पाणी मोजकं, अंघोळ कधी तरी. गावची आशाताई, नऊ तारीख, ओळखीची सिस्टर, सगळं शेकडो किलोमीटर मागे राहिलेलं.

तिचे तळवे रात्री खाजू लागले तर तिनं ते कशाशी जोडावं? पाचटाशीच जोडेल. एक खाडा पाडून अनोळखी गावच्या दवाखान्यात गेलीच, तर तिथं तिला डाग नसलेली कातडी दाखवायची आहे. कार्ड सोबत असेल तर तिथली सिस्टर महिने तरी मोजू शकेल. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, औषधं, बाळंतपण आणि ने-आण मोफत आहे, ती बाई कुठल्याही जिल्ह्याची असो. पण हक्क वापरायला आधी हे कळावं लागतं, की पाचटाची खाज तळव्यांपासून सुरू होत नाही, आणि तोड बंद असलेल्या दिवशी ती थांबते की नाही हे पाहता येतं.

टोळ्या निघण्याआधीच्या शेवटच्या भेटीत आशाताईंनी गोळ्या मोजून देताना हे एक वाक्य सांगायला हवं. त्याला खर्च नाही. सरकारी कार्डाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा रक्तदाबाच्या शेजारी खाजेचा एक रकानाही घालता येईल, 'हो' किंवा 'नाही', आणि 'हो' असेल तर 'कुठे'. तोवर केसपेपरच्या कोऱ्या जागेत पेनानं लिहिता येतं.

घरच्यांनी करायचं तेही फार नाही. सैल सुती कपडे, कोमट पाणी, साबण कमी, अंघोळीनंतर ओल्या अंगावरच खोबरेल. सणाचं खरबरीत उटणं या दिवसांत लावू नये. नखं कापलेली असावीत. बाळाची हालचाल रोज ध्यानात ठेवावी, ती मंदावली तर सकाळची वाट पाहू नये. आणि रात्रीची, तळव्यांची, पुरळ नसलेली खाज असेल तर त्याच आठवड्यात रक्त तपासावं.

बाळंतपण झालं, खाज गेली की बाई ते विसरून जाते. इथेच चुकतं. यकृताचा हा आजार झालेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिकींना तो पुढच्या खेपेला पुन्हा गाठतो, आणि तो घराण्यात उतरतो. संततिप्रतिबंधक गोळ्या सुरू करतानाही डॉक्टरांना तो सांगावा लागतो. नणंदेला नाही, पण सख्ख्या बहिणीला आणि लेकीला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला आई डिंकाचे लाडू करून घालते, पोटाला तेल लावते, जावळाची गोष्ट सांगते. ती गोष्ट सांगायला हरकत नाही. तिच्याच जोडीला आईनं एवढं सांगावं, की तुझ्या वेळी मला रात्री तळवे खाजायचे, तुलाही तसं झालं तर लाजू नको, डॉक्टरांना आधी हेच सांग.